दामूकाकाचा डावा हात

दामूकाकाचा डावा हात माझ्या क्रमशः कथेच्या भाग ९ मध्ये गेला. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्राच्या, पट्ट्यात, पार कोपरापर्यंत. तो प्रसंग मी तीन रात्री लिहीत होते आणि लिहिताना माझाच डावा हात बधिर झाल्यासारखा वाटायचा. पुढे भाग ५७ मध्ये, पुतणीच्या साखरपुड्याच्या सकाळी, हाच दामूकाका आरशासमोर उभा राहिला आणि त्याने दोन्ही हातांनी झकास फेटा बांधला. मला काही खटकलं नाही. फेटा गुलाबी ठेवावा की केशरी, यावर मात्र मी अर्धा तास घालवला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी चोपड्याकडच्या एका वाचक बाईंचा निरोप आला. ‘ताई, काकांना नवीन हात फुटला का? आमच्याकडे केळीला पिल फुटतं तसा?’

जूनचा पहिला आठवडा होता. आमचं पारोळ्यात कृषी केंद्राचं दुकान आहे. त्या दिवसांत कपाशीच्या बियाण्यासाठी माणसं सकाळी शटर उघडायच्या आधीपासून पायरीवर बसलेली असतात. ठरावीक वाणच हवा, दुसरा दिला तर रागावतात. त्या गर्दीत मी तो निरोप वाचला आणि कानशिलं तापली. खरं तर काम पाच मिनिटांचं होतं. भाग ५७ उघडायचा, फेटा काकूच्या हातून बांधून घ्यायचा आणि बाईंना कळवायचं, ‘चुकलंच हो माझं.’ मी काय केलं? काउंटरखाली मोबाइल धरून उत्तर लिहिलं, ‘थोडा धीर धरा. उलगडा पुढच्या भागात.’

उलगडा कसला डोंबलाचा! उलगडायला आधी गाठ तरी हवी.

मग त्या रात्री दामूकाकाला लाकडी हात बसवला. सागाचा, गावच्या सुताराने घडवलेला, खांद्यावरून चामडी पट्टा. गेले ४८ भाग हा हात कुठे होता, याचंही उत्तर द्यायला हवं. तर तो रागाने ट्रंकेत टाकून दिलेला होता आणि पुतणीच्या साखरपुड्यासाठी पहिल्यांदा बाहेर निघाला. फेट्याचं एक टोक लाकडी बोटांखाली दाबून धरायचं आणि दुसरं उजव्या हाताने फिरवायचं, असं सगळं बारकाईने लिहिलं. लिहिता लिहिता रडलेसुद्धा. आणि लोकांना तो भाग विलक्षण आवडला. ‘काय वळण दिलंत!’ ‘अंगावर काटा आला.’ ‘तुम्ही हे आधीपासून ठरवलं होतं ना?’ चोपड्याच्या बाईंनी एक शब्द लिहिला नाही. फक्त जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. दोन हातांचं. मी ते बराच वेळ बघत बसले.

मोबाइलवर क्रमशः कादंबरी लिहिणाऱ्या शेकडो बायकांपैकी मी एक. टोपणनावाने लिहिते. माझ्या कथेचं नाव ‘गठाण’. वेणू नावाची मुलगी एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये हिशेबाला लागते. तिथेच तिचा बाप पंधरा वर्षांपूर्वी मुकादम होता आणि एका रात्री तो घरी परतलाच नाही. दाबून बांधलेल्या कापसाचं १७० किलोच्या आसपासचं एकेक गठाण, त्याच्यावर नंबर, वहीत नंबर, ट्रकच्या पावतीवर नंबर. वेणूला जुन्या वह्यांत काही नंबर दोनदा दिसतात. इथून सुरुवात. ४० भाग ठरवले होते. शेवटही ठरलेला होता. मुलीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर चार ओळींत लिहून ठेवला होता. हे लिहिते आहे त्या दिवशी ‘गठाण’चे १११ भाग झालेत आणि बाप अजून सापडलेला नाही.

मधल्या ७१ भागांत काय झालं, हे कुणी विचारलं तर मला नीट सांगता येणार नाही. एक लग्न झालं, एक मोडलं. जिनिंगला आग लागली (दोनदा, दुसऱ्यांदा लागली तेव्हा पहिली मी विसरले होते). वेणूला टायफॉइड झाला. एक इन्स्पेक्टर आला, लोकांना आवडला, म्हणून राहिला. त्याला मी कायम पावसात भिजवते. पारोळ्यात पाऊस किती पडतो ते आम्हाला विचारा. पण माझ्या कथेत आठवड्याआड एक सर येते, कारण भिजलेल्या इन्स्पेक्टरच्या भागाला आकडा चढतो.

आकडा. त्याबद्दल लिहायची लाज वाटते, पण त्याला टाळून हा विषय लिहिणं म्हणजे भरीत करताना वांगं न भाजण्यासारखं. भाग टाकला की पहिल्या तासात किती जणांनी उघडला, हे मोबाइलच्या एका कोपऱ्यात दिसतं. रात्री दहाला भाग टाकायचा, साडेदहाला बघायचं, अकराला बघायचं, दूध विरजायला उठलं की बघायचं. पहाटे पाण्याची पाळी असते, तेव्हा नळाला पाइप लावून तिथेच ओट्यावर बसून बघायचं. क्रमशः कथेत पहिल्या भागाचा आकडा सगळ्यांत मोठा आणि मग उतरण, हे मला आता कळतं. सुरुवातीला माहीत नव्हतं. मला वाटायचं, भाग २ मध्ये मी काहीतरी अक्षम्य केलं असणार. मी भाग २ किमान वीस वेळा वाचला. त्यात काही वाईट नाही. चांगलंही फार नाही, पण माणसं उठून जावीत असं काही नाही. तरी ती गेली. कुठे गेली, का गेली, सांगून जात नाहीत. दुकानातलं गिऱ्हाईक निदान ‘पलीकडे वीस रुपये कमी आहे’ म्हणून जातं.

जे थांबतात त्यांचं प्रेम खरं असतं, पण त्या प्रेमाचीही एक तऱ्हा आहे. ‘भाग खूप छोटा होता.’ ‘पुढचा लवकर टाका.’ ‘दोन दिवस झाले, तब्येत बरी आहे ना?’ हा शेवटचा प्रश्न काळजीचा वाटतो, आणि असतोही बहुधा, पण त्याच्या पोटात तगादा असतो. दिवाळीच्या फराळात चार दिवस गेले तर एकीने लिहिलं होतं, ‘आम्हीही चकल्या केल्या ताई, तरी रोज उघडून पाहतो.’ मी कढईसमोर उभी, हाताला पीठ, आणि मला खरंच अपराधी वाटलं.

लिहिते कधी, तर फटीफटींतून. दुपारी दोन ते चार बाजार सुस्तावतो, मेमध्ये तर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, पारा पंचेचाळिशीला टेकलेला. तेव्हा काउंटरवर बिलबुकाच्या आड. टाइप करायचा कंटाळा आला की बोलून लिहिते. मोबाइल माझी खान्देशी मराठी ऐकतो आणि आपल्या मनाचं लिहितो. ‘सरकी’ म्हटलं की ‘सरकार’, ‘बोंड’ म्हटलं की ‘बाँड’. एकदा ‘वेणूने सरकारचा ढीग उपसला’ असं वाक्य तसंच गेलं आणि दोघांनी त्यातल्या राजकीय भाष्याचं कौतुक केलं. हे (म्हणजे नवरा; आमच्याकडे अजून नाव घेत नाहीत, निदान दुकानात तरी) काही बोलत नाहीत. एकदाच म्हणाले, ‘तुझ्या त्या जिनिंगवाल्याने कपाशीचा भाव फार लावलाय, त्या साली इतका नव्हता.’ म्हणजे वाचतात. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला साहित्य संमेलन भरलं, ९७ वं. अमळनेर माझं माहेर. पारोळ्याहून वीसेक किलोमीटर. रवींद्र शोभणे अध्यक्ष होते. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेले. ज्या गावात साने गुरुजी मास्तर होते तिथे तो मंडप, ती पुस्तकांची दालनं, ओळखीच्या रस्त्यांवर अनोळखी पिशव्या घेतलेली माणसं. मला फार भारी वाटत होतं. एका दालनात मी बराच वेळ कथासंग्रह चाळत उभी राहिले, तर तिथल्या गृहस्थांनी सहज विचारलं, ‘आपण लिहिता का?’

तेव्हा ‘गठाण’चे पस्तीसेक भाग झाले होते. सगळे धरले तर तीनशे पानांचा ऐवज असेल.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘वाचते फक्त.’

परत येताना बसमध्ये मला स्वतःचाच राग आला. खोटं बोलले म्हणून नव्हे. उत्तर इतकं पटकन, इतकं सोपं आलं म्हणून. कुणी विचारलं असतं ‘तुमचं दुकान आहे का?’ तर मी नाही म्हटलं असतं का? त्या गृहस्थांनी मला काही कमी लेखलं नव्हतं. त्यांच्या मागच्या फळीवरच्या पुस्तकांना कणा होता, एवढंच. माझ्या तीनशे पानांना कणा नाही. ती अंगठ्याने वर सरकवायची असतात. छापील पुस्तकाला शेवटचं पान असतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा हेवा वाटण्याइतकं जाणवलं.

त्या संमेलनातून मी ‘श्यामची आई’ नव्याने आणलं, मुलीसाठी. वाचताना या वेळी लक्ष गेलं ते त्याच्या घडणीकडे. रात्र पहिली, रात्र दुसरी, रोज थोडं सांगायचं, ऐकणारे उद्या पुन्हा येणार. आणि हे सगळं गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली पाच दिवसांत लिहून काढलं. म्हणजे एका दमात लिहिलेलं, पण ऐकवताना रात्री-रात्रींनी. माझं बरोबर उलट: दीड वर्ष तुकडे पाडतेय आणि एका दमाचं आहे असं भासवायची धडपड.

आणखी एक गोष्ट मला मुलीमुळेच कळली. तिच्या सामान्यज्ञानाच्या वहीत प्रश्न होता, ‘हरी नारायण आपटे यांचा जन्म कोठे झाला?’ खाली तिचं गोल अक्षर: ‘पारोळा.’ मी म्हटलं, हे चुकून लिहिलंस का? नाही. १८६४, पारोळा, खान्देश. चौदा वर्षं मी या गावात सून आहे. किल्ला दाखवला, बालाजीचा रथ दाखवला, झाशीच्या राणीच्या माहेराचं सांगितलं. मराठी कादंबरी उभी करणारी माणसं मोजायची तर ज्यांच्यापासून सुरुवात करतात, ते इथले, हे मात्र कुणी सांगितलं नाही. गंमत म्हणजे ते माझ्याच धंद्यातले. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ नावाचं साप्ताहिक काढलं आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालवलं. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ मधली यमुना आपली कहाणी सांगते ती या ‘करमणूक’मधूनच तुकड्यातुकड्यांनी लोकांपर्यंत गेली. आज अखंड पुस्तक हातात घेतलं की ते विसरायला होतं.

मला हे कळलं तेव्हा मी पहिल्यांदा काय शोधलं असेल? त्यांच्या चुका. कुठे एखाद्या काकाचा हात परत आलाय का? ते काही मला सापडलं नाही. पण दुसरं सापडलं: त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. सुरू झाल्या, चालल्या, थांबल्या. हे वाचून मला जो आनंद झाला तो काही सज्जन माणसाचा नव्हता. शेजारणीचंही दूध उतू गेल्याचा होता. दोन दिवस मी त्या आनंदात होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, त्यांच्या अपुऱ्या राहिल्या. माझी अपुरी राहत नाहीये, तीच अडचण आहे.

पण एक गोष्ट मी त्यांच्याविषयी विचार करत राहिले. साप्ताहिक त्यांचं, संपादक ते, लेखकही ते. अंक निघायचा म्हणजे निघायचा. गोष्ट सुचो न सुचो, पानं रिकामी सोडता येत नाहीत. आणि छापून गेलेलं ते गेलं. मला निदान ‘बदल करा’ असं बटण आहे. ते असूनही मी लाकडी हात बसवला. त्यांना तर इलाजच नव्हता. यमुना आपल्या आयुष्याविषयी सांगते तेव्हा तिला पुढचं सगळं ठाऊक असतं, होऊन गेलेलं असतं. पण लिहिणाऱ्याला त्या आठवड्यात किती ठाऊक असेल? हा प्रश्न मी त्यांना विचारू शकत नाही. वेणूच्या बाबतीत माझं उत्तर आहे: पुढच्या गुरुवारपर्यंतचं.

माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. (खान्देशातल्या बाईने असं वाक्य लिहिलं की लोक बहिणाबाईंची वाट बघतात. आमची आजी बहिणाबाई नव्हती. तिला ओवीही धड येत नसे, मध्येच शिव्या घालायची.) पण गोष्ट सांगावी तर तिने. बोरीकाठच्या शेतात कापूस वेचायला आठ-दहा बायका, त्यांच्या मागे आम्ही पोरं, ओट्यात (पदराच्या झोळीत) कापूस भरत. आजी मधल्या ओळीत. ती गोष्ट सुरू करायची ती ओळीच्या तोंडाशी. ऐकायची तर तिच्या बरोबरीने वेचत पुढे जावं लागे. जी मागे पडली तिची गोष्ट गेली. आणि राजाची तलवार उगारलेली असताना, किंवा सुनेने विहिरीत पाय टाकलेला असताना, नेमकी ओळ संपायची. ‘मंग काय व्हयनं?’ आम्ही ओरडायचो. आजी पाणी प्यायची, तंबाखू मळायची, ओट्यातला कापूस गंजीवर ओतायची आणि पुढच्या ओळीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची. मोठेपणी मला कळलं की शेतमालकासाठी तिच्याइतकी कामाची बाई दुसरी नव्हती. क्रमशःचा शोध आमच्याकडे रोजंदारीवर लागलेला आहे.

चुका तीही करायची. आटपाटनगरच्या राजाला सकाळी दोन राण्या असल्या तर दुपारपर्यंत तीन व्हायच्या. आम्ही पकडायचो. आजी जराही न गडबडता म्हणायची, ‘तो दुसरा राजा.’ आणि वेचणं चालू. तिच्या आवाजात खोटेपणा नव्हता, माफीही नव्हती. मला वाटतं तिच्या दृष्टीने तो खरंच दुसरा राजा असायचा. चोपड्याच्या बाईंना मी ‘तो दुसरा दामूकाका’ असं म्हणू शकले असते तर? पण त्यासाठी आजीची छाती हवी. आणि दुसरं म्हणजे, आजीची गोष्ट संध्याकाळी संपायची. शेत संपलं की गोष्ट संपली. कधी कधी घाईने संपायची, राजा-राणी एका वाक्यात सुखी व्हायचे, कारण सूर्य खाली आलेला आणि घरी चूल पेटवायची. पण संपायची.

माझ्या शेताला बांधच नाही.

जानेवारीत दुकानात एक ओळखीचे बाबा आले. तामसवाडीकडचे. दरवर्षीचं गिऱ्हाईक. त्यांना फवारणीचं औषध हवं होतं. ह्यांनी विचारलं, कशावर? तर कपाशीवर. जानेवारीत कपाशी म्हणजे फरदड. शहरात राहणाऱ्यांसाठी सांगते: पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेल्या कपाशीचे वेचे दिवाळीच्या आसपास सुरू होतात आणि डिसेंबरपर्यंत पीक हातात येऊन जातं. मग झाडं उपटायची, रान मोकळं करायचं. पण विहिरीला पाणी असलं की जीव होत नाही. अजून एक पाणी दिलं, थोडं खत टाकलं, तर झाड पुन्हा पालवतं, पुन्हा पाती लागतात, अजून दोन-चार वेचे निघतात. बियाण्याचा खर्च नाही, नांगरणी नाही. फुकटचा कापूस. त्याला फरदड म्हणतात. कृषी खातं वर्षानुवर्षं सांगतंय की फरदड घेऊ नका. कारण गुलाबी बोंडअळी. तिला उभ्या झाडावर ऐन उन्हाळ्यापर्यंत खायला मिळतं आणि पुढच्या हंगामाला ती हजर असते. २०१७ साली महाराष्ट्रात तिने काय केलं ते आमच्या उधारीच्या वहीत अजून आहे.

‘पानी शे ना,’ बाबा ह्यांना म्हणत होते. ‘झाडं उभा शेतस. काय बिघडस?’

ह्यांनी आतून एक बोंड आणलं, नमुन्यासाठी ठेवतात ते. बाहेरून हिरवं, टणक, कुठे छिद्र नाही. नखाने फोडलं. आत कापूस पिवळट, चिकटलेला, आणि सरकीच्या दाण्यात गुलाबी अळी. अळी अगदी बारीक असताना आत शिरते, हे म्हणाले, आणि ते छिद्र भरून येतं. मग बोंड बाहेरून साबूत दिसतं. आपण मोजतो झाडाला किती बोंडं लागली. मोजायला काय, साठ भरतात. फुटतात तेव्हा कवडी.

मी बिल करत होते. पेन तसंच थांबलं.

आता हे मी इथे लिहिलं आहे खरं, पण असं काही एका क्षणात डोक्यात लख्ख पडत नाही. मी बिल पूर्ण केलं, बाबांना सुटे पैसे दिले, चहा सांगितला. औषध ह्यांनी दिलंच नाही, बाबा कुरकुरत गेले. रात्री भाग १०८ टाकायचा होता. त्यात वेणूला एक जुनं पत्र सापडणार होतं. पत्र म्हणजे माझं पाणी. झाड सुकलं की एक पत्र सापडतं. मी लिहायला बसले आणि भाग ४१ पासून पुढचं सगळं बोंड फोडावं तसं एकेक उघडून वाचलं. पहाट झाली.

प्रत्येक भाग साबूत होता, हेच भयंकर. शुद्धलेखन बरं, संवाद चटकदार, शेवटी टांगणी. सुटा वाचला तर एकाही भागात खोट काढता आली नसती. पण वेणू कुणाला शोधते आहे, हे भाग ६० नंतर वेणूलाच आठवत नव्हतं. बापाचं नाव सलग १७ भागांत एकदाही आलेलं नव्हतं. मोजून बघितलं. मी वाचकांना दोष देत आले होते: त्यांना पाऊस हवा, लग्न हवं, मोठा भाग हवा. ते मागायचे हे खरं. पण ४० व्या भागानंतर थांबू नका असं मला कुणी सांगितलं नव्हतं. ३९ वा टाकल्यावर मी त्या वहीच्या मागच्या पानावरच्या चार ओळी काढल्या होत्या, वाचल्या होत्या आणि वही मिटली होती. मला भीती वाटली होती. शेवट वाईट आहे याची नाही. तो टाकल्यावर दुसऱ्या दिवशी कुणीही ‘पुढे काय?’ विचारणार नाही याची. सासू विचारते भाजी काय, मुलगी विचारते डबा काय, गिऱ्हाईक विचारतं भाव काय. ‘पुढे काय’ विचारणारी माणसं मला पहिल्यांदाच मिळाली होती, आणि ती जाऊ नयेत म्हणून मी एका बापाला ७१ भाग बेपत्ता ठेवलं.

भाग १०८ मी टाकला. पत्रासकट. पहाटे पाच वाजता शहाणपण येतं आणि रात्री दहाला आकडा हवा असतो. दोन्ही एकाच बाईला होतं. १०९ आणि ११० सुद्धा टाकले. १११ मध्ये पाऊस नव्हता, एवढीच प्रगती.

शेवटचा भाग आता लिहून तयार आहे. चार ओळींतला शेवट तसाच ठेवलाय, फक्त त्यात दामूकाकाच्या लाकडी हाताचं काय करायचं ते कळत नाही. तो मुळात तिथे नव्हताच. पहिल्यांदा मला सुचलं की तो हात सुताराने नव्हे, वेणूच्या बापानेच घडवलेला असावा. पट्ट्याच्या आतल्या बाजूला गठाणाचा तो दोनदा आलेला नंबर कोरलेला असावा. सगळं कसं चपखल बसतं. इतकं चपखल की मला संशय आला. आयुष्यभर खोटं न बोललेल्या माणसाचं पहिलं खोटं जसं फार नीटनेटकं असतं, तसं ते वाटलं. ते खोडलं. मग काकाने तो हात चुलीत टाकला असं लिहिलं, तेही खोडलं. सध्या तो ट्रंकेवर ठेवलेला आहे आणि खोलीतली सगळी माणसं त्याच्याकडे न बघता बोलताहेत.

अ‍ॅपवर भाग टाकताना खाली दोन पर्याय येतात: ‘क्रमशः’ आणि ‘समाप्त’. ‘समाप्त’वर बोट नेलं की तिसरंच विचारतं, ‘दुसरं पर्व सुरू करायचं आहे का?’

परवा तामसवाडीचे बाबा पुन्हा आले, ठिबकच्या नळ्यांसाठी. मी विचारलं, बाबा, फरदडीचं काय केलं? म्हणाले, उपटली. रान नांगरून टाकलं. काड्या घरी नेल्या, म्हातारी चूल पेटवते त्याच्यावर. ‘पानी व्हतं अजून,’ जाता जाता पायरीवर थांबून म्हणाले, आणि ते माझ्याकडे बघून म्हणाले की रस्त्याकडे, ते मला कळलं नाही.

काउंटरखाली मोबाइल वाजला. चोपड्याच्या बाई होत्या. ‘ताई, गुरुवार आहे.’